कंदातले औषध आणि घरातला आधार
(वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर मुले मुंबईला आणि वडीलधारी माणसे वाडीत, हे चित्र जुनेच आहे. अशा घरातले आजोबा विहिरीवरून ओटीवर येण्याची वाट चुकू लागले, की आपण म्हणतो, 'वयच झाले.' ते आमच्याकडे पोहोचतात तेव्हा बराच काळ वाया गेलेला असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरात सातांहून अधिक.

स्मृतिभ्रंशाचा प्रमुख प्रकार अल्झायमर. त्यात मेंदूतील पेशींचे निरोप पोहोचवणारे असिटिलकोलीन हे द्रव्य उणे पडते. धोतऱ्याचे बी पोटात गेलेला माणूस भ्रमिष्टासारखा बरळतो, हे आपण जाणतो. धोतऱ्यातील अट्रोपीन याच द्रव्याचे कार्य अडवते. गॅलँटामीन हे अल्कलॉइड नेमके उलट करते. असिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला ते रोखते, आणि उरलेले द्रव्य अधिक वेळ कामी येते.

हे औषधही वनस्पतीचेच देणे आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत संशोधकांनी ते कॉकेशस भागातील स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातून वेगळे केले. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचे औषध सिद्ध केले. तेथे ते प्रथम पोलिओनंतरच्या दुर्बलतेसाठी आणि शस्त्रक्रियेत शिथिल केलेले स्नायू पूर्ववत करण्यासाठी वापरले गेले. अमेरिकेत अल्झायमरसाठी त्याला २००१ साली मान्यता मिळाली. कंदात त्याचा अंश अत्यल्प असतो. म्हणून वेल्समध्ये डॅफोडिलची शेती झाली, आणि कारखान्यांतून कृत्रिम निर्मितीही होऊ लागली.

येथे एक कळकळीची सूचना. आपल्या अंगणातली पांढऱ्या फुलांची क्रायनम लिली याच कुळातली आहे. तिच्या कंदात मात्र लायकोरीन हे उलट्या घडवणारे विष असते. कोणीही कंद उगाळून वडीलधाऱ्यांना देऊ नये. औषध ते, जे शुद्ध केलेले आणि मोजून दिलेले असते.

सौम्य व मध्यम अवस्थेत आम्ही हे औषध अल्प मात्रेने सुरू करतो आणि निदान चार आठवड्यांच्या अंतराने वाढवतो. ते जेवणाबरोबर घ्यावे. मळमळ, वजन घटणे, नाडी मंदावणे यांवर लक्ष ठेवावे. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या विकारांची माहिती आम्हांला आधीच द्यावी. झोपेच्या, सर्दीच्या काही गोळ्या धोतऱ्याच्याच वाटेने जातात व स्मृती आणखी मंद करतात; म्हणून घरातल्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन याव्यात.

आपल्यापाशी खरे तेच बोलले पाहिजे. या औषधाने रोग बरा होत नाही, थांबतही नाही. काहींना काही काळ लाभ होतो, तोही माफकच. काहींना मुळीच होत नाही. पण तेवढ्या काळात आजी नातवाला नावाने हाक मारू शकली, स्वतःच्या हाताने जेवली, तर त्या घराला तो काळ थोडा वाटत नाही. शिवाय तेवढ्या अवधीत व्यवहाराची कागदपत्रे मार्गी लावता येतात आणि सेवेची पाळी ठरवता येते.

देणगीदारांच्या साह्याने गोळी मिळेल; परंतु ती वेळेवर देणारा आणि तोच प्रश्न दहाव्यांदा शांतपणे ऐकणारा हात घरातच हवा. त्या हातालाही विसावा मिळावा, एवढीच आपणां सर्वांकडे आमची मागणी आहे.