ठराव झाला, पाणी कुठे?



आम्ही शिकलेले वक्ते नव्हेत. चार बुकं झाली आणि साच्यावर उभे राहिलो. पण राज्यकारभार कशाला म्हणतात, हे आम्हांला महाडसारख्या लहान गावाकडे पाहून कळलं. तेच आज सांगतो.

महाड हे कोकणातलं तालुक्याचं गाव. जिल्हा पूर्वीचा कुलाबा, 1981 पासून रायगड. सावित्री महाबळेश्वराहून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. गांधारी महाडजवळच तिच्यात शिरते. वरून डोंगराचं पाणी, खालून भरतीचं, मधे गाव! पूर महाडच्या पाचवीलाच पुजलेला. जुलै 2021 मध्ये बाजारपेठ बुडाली आणि तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. अशा मुलखात नाला कुणी उपसायचा, प्यायचं पाणी कुणी द्यायचं, हे किरकोळ प्रश्न नव्हेत.

हा कारभार कुणाकडे? शहरात नगरपरिषद. भोवतालच्या खेड्यांत ग्रामपंचायत, तिच्यावर महाडची पंचायत समिती, तिच्यावर अलिबागची जिल्हा परिषद. ही घडी 1 मे 1962 रोजी बसली.

पण नुसत्या घडीनं तहान भागत नाही. याच महाडात चवदार तळं आहे. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. हे तेच बोले, ज्यांनी 1909 साली गिरणी कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभा काढली. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पण ओंजळ कुणाला भरता येईना.

शेवटी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशी त्या लोकांवर लाठ्या चालल्या. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला! खटला मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला आणि 1937 साली निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. एका घोटासाठी दहा वर्षं!

बंधूंनो, महाडकरांना नावं ठेवण्याआधी आपल्या पदरात बघू या. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि तो उष्टा होईल म्हणून! मालकानं अडवलं तर आपण संप करतो. इथं तर अडवणारे आमचेच जोडीदार होते.

म्हणून सांगतो, ठराव करणारा एक, तो राबवून घेणारा दुसरा. तो दुसरा म्हणजे आपण. 1 मे हा आपला कामगार दिन, 1960 पासून महाराष्ट्र दिन, आणि गावोगाव ग्रामसभेचाही दिवस. त्या दिवशी गावी असाल तर घरी बसू नका. सभेत जा. जमाखर्च मराठीत मोठ्यानं वाचायला लावा. आणि एक प्रश्न जरूर विचारा : गेल्या ठरावातलं पाणी शेवटच्या घरी पोचलं का?

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!