मोरावियन बंधूंचे संगीतमहोत्सव
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं पवित्र संगीताविषयीं चार शब्द बोलावे, अशी चालकांची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून आम्ही आज एका दूरच्या आणि आपल्याहून वेगळ्या अशा ख्रिस्ती मंडळीची हकीकत आपणांपुढें ठेवणार आहों. ती मंडळी मोरावियन बंधूंची होय. गेल्या सुमारें पाऊणशें वर्षांत या मंडळीनें अमेरिकेंत जे संगीतमहोत्सव भरविले, त्यांची कथा महोत्सव साजरा करणाऱ्या कोणत्याहि धर्मग्रामानें ऐकावी अशी आहे. कारण त्या कथेंत एकच प्रश्न पुनःपुन्हां समोर येतो : वाडवडिलांनीं देवाच्या स्तुतीसाठीं रचलेलें संगीत पुढल्या पिढीस मिळतें तें कशानें? पेटींत जपून ठेवल्यानें, कीं मुखानें गाइल्यानें?

प्रथम हे बंधु कोण, तें सांगितलें पाहिजे. बोहेमिया व मोराविया हे मध्य युरोपांतील, हल्लींच्या चेक प्रजासत्ताकांतील प्रांत. तेथील धर्मोपदेशक यान हुस यांना कॉन्स्टन्स येथील धर्मपरिषदेनें पाखंडी ठरविलें आणि ६ जुलै १४१५ रोजीं त्यांना जिवंत जाळण्यांत आलें. त्यांच्या शिकवणीनें भारलेल्या कांहीं लोकांनीं १४५७ सालीं बोहेमियांतील कुन्वाल्द या गांवीं आपला बंधुसंघ स्थापन केला. सर्व लोकांनीं आपल्या मातृभाषेंत देवाची स्तुति गावी, हा या बंधूंचा प्रारंभापासून आग्रह. १५०१ सालीं प्राग येथें छापलेलें चेक स्तोत्रपुस्तक साधारणतः त्यांचेंच मानलें जातें. १५३१ सालीं मिखाएल वाइसे यांनीं त्यांच्यासाठीं जर्मन स्तोत्रपुस्तक सिद्ध केलें. पुढें १६२० सालीं प्रागजवळील श्वेतगिरीच्या लढाईंत त्यांच्या पक्षाचा पाडाव झाला आणि त्यांना देशोधडीस लागावें लागलें. त्यांचे शेवटचे थोर बिशप योहान आमोस कोमेनियस यांनीं वनवासांतच, १६५९ सालीं, आमस्टरडॅम येथें चेक स्तोत्रपुस्तक छापून घेतलें. घर गेलें, शेत गेलें, देश गेला. परंतु स्तोत्र सोडलें नाहीं.

बंधुभगिनींनो, ज्या हातांनीं हा छळ झाला त्यांत आपल्या ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांचे व कॅथोलिक राजांचे हातहि होते, हें आपण झांकून ठेवूं नये. १७ डिसेंबर १९९९ रोजीं परमगुरु पोप दुसरे जॉन पॉल यांनीं हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल मनःपूर्वक खेद प्रगट केला. त्याच्याहि आधीं, १९६४ सालीं, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें आपणांस शिकविलें कीं, आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधूंच्या ठायीं जें खरोखर ख्रिस्ती धन आहे, तें आपण आनंदानें ओळखावें व त्याचा आदर करावा. तो आदर आज आपण त्यांच्या संगीतास देऊं या.

१७२२ सालीं मोरावियांतून लपतछपत निघालेलीं कांहीं कुटुंबें जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत काउंट त्सिन्त्सेन्डोर्फ यांच्या जहागिरींत येऊन राहिलीं. तेथें त्यांनीं हेर्नहूट हें गांव वसविलें. आरंभीं तेथेंहि मतभेद व भांडणें माजलीं. परंतु १३ ऑगस्ट १७२७ रोजीं पवित्र भोजनाच्या वेळीं सर्वांचीं मनें जुळून आलीं, आणि त्या दिवसापासून मंडळीचा पुनर्जन्म झाला असें ते बंधु मानतात. मनें जुळलीं तसे कंठहि जुळले. हेर्नहूट येथें गायनाची म्हणून एक स्वतंत्र उपासना सुरू झाली. तींत प्रवचन नसे. चालक एक विषय मनांत धरी आणि निरनिराळ्या स्तोत्रांतील कडवीं अशा क्रमानें उचली कीं, त्या कडव्यांचेंच एक प्रवचन बने. त्यानें पहिले शब्द उच्चारतांच मंडळी पुस्तक न उघडतां पुढचें कडवें गाऊं लागे. अशी उपासना व्हावयाची तर शेंकडों कडवीं सामान्य माणसाला मुखोद्गत पाहिजेत. तीं तशीं असत, कारण तीं रोज गाइलीं जात.

या बंधूंनीं ट्रॉम्बोन या पितळी वाद्यालाहि उपासनेंत मानाची जागा दिली. लहानमोठ्या आकाराचे ट्रॉम्बोन चार स्वरांत मिळवून ते उघड्यावर स्तोत्रांच्या चाली वाजवीत. मंडळींत कोणी मरण पावलें म्हणजे वादक चर्चच्या सज्जांत किंवा मनोऱ्यावर उभे राहून तीन चाली वाजवीत. पहिली व तिसरी चाल एकच, प्रभूच्या दुःखसहनाच्या स्तोत्राची. हीच चाल अनेक कॅथोलिक देवळांतहि उपवासकाळांत ऐकूं येते. मधली चाल मात्र बदले. विवाहित पुरुष, विवाहित स्त्रिया, अविवाहित बंधु, अविवाहित भगिनी, विधवा, बालकें अशा प्रत्येक वर्गाची चाल ठरलेली असे. शेतांत काम करणारा माणूस ती मधली चाल ऐके आणि एक शब्दहि न बोलतां त्याला समजे कीं, आज कोणत्या घरावर शोक ओढवला असेल. नांव नंतर कळे; प्रार्थना आधीं सुरू होई.

तसेंच ईस्टरचें. १७३२ सालीं हेर्नहूट येथील कांहीं तरुण बंधु पहाटेच्या अंधारांत टेकडीवरील कबरस्तानांत जमले आणि सूर्य उगवेपर्यंत त्यांनीं पुनरुत्थानाचीं स्तोत्रें गाइलीं. आज जगभर मोरावियन मंडळी ईस्टरची पहाट याच रीतीनें साजरी करते. गरीब-श्रीमंत असा भेद दाखविणारें एकहि थडगें त्यांच्या कबरस्तानांत नसतें. सारखेच सपाट दगड, आणि त्यांच्यामध्यें उभी राहून गाणारी जिवंत मंडळी!

हें संगीत पुढें समुद्र ओलांडून गेलें. १७४१ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियांत बंधूंनीं वसाहत केली. त्या वर्षीं नाताळच्या आदल्या रात्रीं तिला बेथलेहेम हें नांव मिळालें. १७५४ सालीं तेथें युरोपांतून ट्रॉम्बोन आले, आणि त्या गांवचा ट्रॉम्बोनवृंद आजहि वाजतो आहे. दक्षिणेस उत्तर कॅरोलायनांत १७६६ सालीं सेलम वसलें. या गांवांत व्यासंगी रचनाकार निपजले. परंतु संगीत हा त्यांच्यापैकीं कोणाचा पोटाचा धंदा नव्हता. योहान फ्रीड्रिख पेटर (१७४६–१८१३) हे मंडळीचे शिक्षक, कारकून व रोजनिशी लिहिणारे सेवक. त्यांनीं सेलम येथें १७८९ सालीं लिहिलेलीं सहा तंतुवाद्य-पंचकें हें अमेरिकेंत रचलेलें सर्वांत जुनें ज्ञात कक्ष-संगीत समजलें जातें. योहानेस हर्बस्ट (१७३५–१८१२) हे धर्मोपदेशक व पुढें बिशप. त्यांनीं स्वतः रचलेलीं व इतरांचीं उतरून घेतलेलीं अशीं सुमारें १००० गीतें संग्रहीं ठेविलीं. त्यांचीं बहुतेक गीतें आटोपशीर आहेत. शब्द स्पष्ट ऐकूं यावा, त्या दिवसाचें शास्त्रवचन मनांत ठसावें, एवढाच त्यांचा हेतु. गायकानें आपलें कौशल्य मिरवावें, याला तेथें जागा नव्हती.

मग असें कसें झालें कीं, हेंच संगीत त्यांच्याच देवळांतून नाहींसें झालें? कोणी बंदी घातली नाहीं, कोणी वह्या जाळल्या नाहींत. एकोणिसाव्या शतकांत लोकांची आवड पालटली. जर्मन जाऊन इंग्रजी भाषा आली. नातवाला आजोबांच्या स्तोत्राचा अर्थ लागेना. जुन्या वह्या आदरानें कपाटांत ठेवण्यांत आल्या. त्या नष्ट झाल्या नाहींत, हें त्या मंडळीच्या नेटकेपणाचें फळ. परंतु कपाटांतील वही म्हणजे गीत नव्हे. तीन-चार पिढ्या त्या वह्या तेथें होत्या, आणि त्यांत काय आहे हें गाणाऱ्यांसच ठाऊक नव्हतें.

या स्थितींत १९५० सालच्या जून महिन्यांत बेथलेहेम येथें पहिला मोरावियन संगीतमहोत्सव भरला. त्याचे सूत्रधार थॉर जॉन्सन हे एका मोरावियन धर्मोपदेशकाचे पुत्र आणि त्या वेळीं सिनसिनाटी येथील प्रसिद्ध वाद्यवृंदाचे संचालक होते. कपाटांतील हस्तलिखितें बाहेर निघालीं. त्यांच्या सुवाच्य प्रती तयार झाल्या. जर्मन शब्दांच्या जागीं चालीला शोभतील असे इंग्रजी शब्द बसविण्यांत आले. आणि पेटर व हर्बस्ट यांचीं गीतें पुन्हां माणसांच्या कंठांत आलीं. या महोत्सवांतून उत्पन्न झालेल्या उत्साहानेंच १९५६ सालीं सेलम येथें — आतां त्या शहरास विन्स्टन-सेलम म्हणतात — मोरावियन म्यूझिक फाउंडेशन ही संस्था निघाली. तिच्या संग्रहांत सुमारें १०,००० हस्तलिखितें व जुन्या छापील प्रती आहेत. जॉन्सन १९७५ सालीं निवर्तले, परंतु महोत्सव थांबले नाहींत. कांहीं वर्षांच्या अंतरानें ते आजतागायत भरत आले आहेत.

या महोत्सवांची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. निरनिराळ्या गांवांच्या मंडळ्यांतील गायक व वादक सुमारें आठवडाभर एकत्र राहतात. यांत रविवारच्या गायनवृंदांतील साधीं माणसेंच पुष्कळ असतात. दिवसा तालीम, सायंकाळीं गायन-वादन, आणि मध्यंतरीं उपासना. त्यांच्या परंपरेंतील प्रीतिभोजनहि असतें : सर्वांनीं एकत्र बसून साधा पाव व कॉफी घ्यावयाची आणि खातांना स्तोत्रें गावयाचीं. जुन्या गीतांबरोबर नवीन रचनाहि शिकविल्या जातात. परत जातांना प्रत्येक जण कांहीं गीतें बरोबर नेतो, आणि पुढल्या रविवारीं तीं आपल्या गांवच्या देवळांत ऐकूं येतात. महोत्सवाचें खरें यश टाळ्यांच्या गजरांत नसून त्या रविवारांत आहे.

कोणी शंका घेईल कीं, भाषा बदलली कीं गीताचा आत्माच गेला. तिला उत्तर उत्तरेकडील लॅब्राडोरच्या बर्फाळ किनाऱ्यावर मिळतें. तेथील नेन या ठिकाणीं मोरावियन मिशनरी १७७१ सालीं स्थायिक झाले. त्यांनीं नेलेलीं युरोपीय गीतें इनुइट लोकांनीं आपल्या भाषेंत घेतलीं, स्वहस्तें उतरून घेतलीं, वाद्यें आत्मसात केलीं. आणि पुढें या परंपरेची राखण परक्या मिशनरींपेक्षां तेथील इनुइट गायक-वादकांनींच अधिक केली. आपल्या भारतांतहि लडाखमधील लेह येथें १८८५ सालापासून मोरावियन मंडळी आहे. जें गीत लोकांच्या भाषेंत उतरतें, तें परकें राहत नाहीं.

२०२४ सालीं हेर्नहूट, अमेरिकेंतील बेथलेहेम व उत्तर आयर्लंडमधील ग्रेसहिल या मोरावियन वसाहतींची युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गणना झाली; डेन्मार्कमधील क्रिस्तियान्सफेल्ड तींत २०१५ पासूनच होतें. त्या इमारतींचें रक्षण आतां सरकारें करतील. परंतु गीताचें रक्षण कोणतेंहि सरकार करूं शकत नाहीं. त्यास गाणाराच लागतो.

आतां आपल्याकडे वळूं. १९६३ सालीं व्हॅटिकन महासभेनें सांगितलें कीं, ख्रिस्तसभेची संगीतपरंपरा ही अमोल ठेव आहे; आणि त्याच वेळीं सांगितलें कीं, उपासनेंत सर्व लोकांनीं सहभागी व्हावें. हीं दोन वचनें परस्परविरोधी आहेत असें कित्येकांना वाटतें. जुनें जपावें तर लोक गप्प बसतात, लोकांना गाववावें तर जुनें सुटतें, अशी त्यांची तक्रार. मोरावियन महोत्सवांनीं दाखविलें कीं, लोकांनीं गाइलें तरच जुनें जपलें जातें.

आमची या धर्मग्रामास नम्र विनंती आहे. जुन्या गायनवृंदाच्या हस्तलिखित वह्या ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं त्या या वर्षीं बाहेर काढाव्या. लॅटिन असोत वा मराठी, त्यांच्या स्वच्छ प्रती कराव्या. ज्या वृद्ध माताभगिनींना मरियामातेचीं व उपवासकाळचीं जुनीं गीतें चालीसकट पाठ आहेत, त्यांच्याजवळ तरुणांनीं बसून तीं शिकून घ्यावीं. कारण त्या चाली कोणत्याच वहींत नसतील. आणि मग, आमचें मुख्य सांगणें हें कीं, महिन्यांतून निदान एका रविवारीं त्यांतील एक गीत सगळ्या मंडळीनें गावें. केवळ गायनवृंदानें नव्हे.

आपल्या पूर्वजांनीं हें देऊळ उभारलें तेव्हां त्यांना ठाऊक होतें कीं, भिंती आपल्यामागें राहतील. आपलें गाणें मागें राहील कीं नाहीं, हें मात्र त्यांनीं आपल्यावर सोंपविलें आहे. तो विश्वास सार्थ करण्याची सुबुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो, आणि त्याची स्तुति या देवळांत पिढ्यान् पिढ्या निनादत राहो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना. आमेन.