ध्येय नेमकं कुणाचं?

आमच्या कॉलनीतल्या बागेत पहाटे चौघे जण फेऱ्या मारतात. अंतर तेच, वेळही तीच. एक जण येतो, कारण मुलगा रागावतो. दुसरा येतो, कारण नाही आलं तर दिवसभर मन खातं. तिसऱ्याला साखर आटोक्यात ठेवून नातवाबरोबर खेळायचंय. चालणं त्याला मनापासून पटलंय. चौथ्याला चालायला आवडतं, एवढंच. पावसाळा लागला की पहिले दोघे दिसेनासे होतात. उरलेले दोघे छत्री घेऊन हजर!

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेच्या अशाच पायऱ्या मांडल्या आहेत: बाहेरचा दबाव, मनातली टोचणी, पटणं आणि आवड. पुढे १९९९ मध्ये केनन शेल्डन आणि अँड्र्यू इलियट यांनी दाखवलं, की पटलेल्या किंवा आवडीच्या ध्येयासाठी माणूस कष्ट टिकवून धरतो आणि ते गाठल्यावर त्याला समाधानही अधिक मिळतं.

मग प्रेरणा शिकवता येईल का? शेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून पाहिलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी विद्यार्थ्यांना स्वतःची ध्येयं लिहायला लावली आणि चार गोष्टी शिकवल्या. ध्येय आपलंसं करा. त्यात गंमत शोधा. आज कंटाळवाणं वाटणारं काम पुढे कशासाठी उपयोगी पडणार, ते आठवा. आणि एका ध्येयापायी बाकीचं आयुष्य वाऱ्यावर सोडू नका.

निकाल विचार करायला लावणारा होता. सरसकट सगळ्यांना फायदा झाल्याचं दिसलं नाही. ज्यांची ध्येयं मुळातच आपलीशी होती, त्यांनाच या शिकवणीचा अधिक उपयोग झाला. रोप आपलं असेल तर खत लागू पडतं!

हे मी स्वतः भोगलंय. तिशीत असताना खात्याच्या बढतीच्या परीक्षेला मी तीन वर्षं बसलो. पहाटेचा गजर, भिंतीवर वेळापत्रक, सगळं केलं. पण पास झालो नाही. एका रात्री बायकोने विचारलं, "तुम्हाला साहेब व्हायचंय, की भावाला दाखवून द्यायचंय?" मला उत्तर देता आलं नाही. चौथ्या वर्षी मी फॉर्म भरला नाही. संध्याकाळी मुलांना गणित शिकवायला लागलो. त्याला गजर लागला नाही, की वेळापत्रकही लागलं नाही. मात्र त्या तीन वर्षांत मुलांशी धड बोललो नव्हतो, ती वर्षं काही परत आली नाहीत.

याचा अर्थ नावडतं ते सोडून द्यावं, असा नाही. औषध कडू असलं तरी घ्यावंच लागतं. पण ते का घ्यायचं, हे एकदा पटलं, की तीच सक्ती आपली निवड होते. दबावाच्या पायरीवरून पटण्याच्या पायरीवर येता येतं, आणि खरं शिकण्यासारखं आहे ते हेच.

आज रविवार आहे. एका कागदावर आपली ध्येयं लिहा आणि प्रत्येकापुढे 'का?' असं विचारा. उत्तरात 'लोक काय म्हणतील' आलं, तर तिथे जरा थांबा. आणि दहावीनंतर मुलाने कुठली शाखा घ्यावी, हे ठरवायला बसाल, तेव्हा हा कागद आधी त्याच्या हातात द्या.