रोगाची पारख आणि कोलकात्याचे ऋण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गायन, नाट्यप्रवेश आणि स्नेहभोजन अशा मंगल कार्यक्रमांच्या पंक्तीत जुलाबासारखा विषय मांडणे कित्येकांना औचित्यभंग वाटेल. परंतु ज्या शहराने आपल्याला आसरा दिला, त्याने याच विषयात जगाला जे दिले ते फार मोठे आहे. येथे पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळाने त्याची आठवण न ठेवणे हेच अधिक अनुचित ठरेल. शिवाय हा विषय प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराशी आणि पाळण्याशी निगडित आहे.

आपल्याकडे गावोगावच्या वेशीवर मरीआईचे ठाणे असते. पटकीची साथ आली की तिचा गाडा गावाबाहेर नेऊन पोचवीत. बंगालमध्ये याच भीतीतून ओलाईचंडी व ओलाबीबी या देवता उभ्या राहिल्या. हिंदू आणि मुसलमान दोघेही तिच्यापुढे हात जोडत. हजार मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच रोगाला देवीचे रूप द्यावे, यावरून त्याची दहशत किती सारखी होती हे कळते. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली साथ तर पुढे देशोदेशी पसरली.

या देवीचे खरे रूप ओळखण्याचे काम बरेचसे याच शहरात झाले. इजिप्तमधील साथीचा अभ्यास करून रॉबर्ट कॉख हे जर्मन शास्त्रज्ञ डिसेंबर १८८३ मध्ये कलकत्त्यास आले. रोग्यांच्या आतड्यांतून, आणि पुढे येथील एका तळ्याच्या पाण्यातूनही, त्यांनी स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू शोधून काढला. इटलीतील पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच पाहिला होता. परंतु तो वेगळा वाढवून त्याचा रोगाशी असलेला संबंध जगाच्या गळी उतरविला तो कॉख यांनी. १८९४ साली हाफकिन यांनी येथील वस्त्यांत पटकीची लस टोचून पाहिली. हेच हाफकिन १८९६ मध्ये प्लेगच्या साथीसाठी मुंबईस गेले आणि परळची संस्था पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा हा एक विस्मृत धागा आहे.

जंतू सापडला, पण तो माणसाला मारतो कसा, हे पाऊणशे वर्षे उलगडले नाही. त्याचे उत्तर शंभुनाथ डे या बंगाली संशोधकाने दिले. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडल्यास तो पाण्याने टम्म फुगतो, हे त्यांनी १९५३ मध्ये दाखविले. १९५९ मध्ये त्यांनी सिद्ध केले की जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच घडते. म्हणजे जंतू एक विष तयार करतो, आणि त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात झिरपून वाहून जातात. माणूस मरतो तो शरीर सुकून. डे यांना हयातीत स्वदेशात मोठा मान मिळाला नाही. १९७८ च्या नोबेल परिसंवादास मात्र त्यांना सन्मानाने पाचारण करण्यात आले.

या शोधातून रोगपरीक्षेचे पहिले सूत्र निघते. जुलाब होणारा रोगी समोर आला की प्रथम विचारायचे ते जंतूचे नाव नव्हे. शरीरातले पाणी किती गेले, हे पाहायचे. डोळे खोल गेले आहेत काय? तोंड कोरडे पडले आहे काय? पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश बसते काय? लघवी कमी झाली आहे काय? मूल पाण्यासाठी आसुसले आहे, की त्याही पलीकडे जाऊन मलूल पडले आहे? हे शेवटचे लक्षण दिसले तर घरी क्षणभरही थांबू नये. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही. आईची नजर पुरते.

पटकीत आतडे फाटत वा कुजत नाही, साखरेबरोबर मीठ व पाणी शोषून घेण्याची त्याची शक्ती शाबूत राहते. याच आधारावर तोंडाने देण्याचे मीठ-साखरेचे पाणी उभे आहे. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तसा प्रयोग याच शहरात करून १९५३ साली प्रसिद्ध केला होता. पण जगाचे डोळे उघडले ते १९७१ मध्ये. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमेवर आले, बनगाव येथे पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर पाण्यात मिसळून ते पाणी नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजविले. शेकडा ३० च्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत ४ च्या आत आले. २०२२ मध्ये ते निवर्तले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळाले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुडीचे प्रमाण बदललेले आहे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. मिठाचा हात सैल सोडू नये.

आता जंतूच्या ओळखीकडे वळू. दुसरा प्रश्न मलाच्या स्वरूपाचा. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी, पोटात कळ नाही, ताप नाही, आणि तासांत माणूस गळतो, तर पटकीचा संशय घ्यावा. थोडे थोडे होणे, कुंथणे, ताप आणि रक्तमिश्रित आव असेल तर शिगेलासारख्या जंतूची हगवण असण्याचा संभव अधिक. तेथे जुलाब थांबविणाऱ्या गोळ्या घेणे घातक ठरते. तान्ह्या मुलाला आधी उलट्या, ताप आणि मग पाण्यासारखे जुलाब झाले तर बहुधा रोटाव्हायरस असतो. त्याची लस २०१६ पासून आपल्या देशाच्या लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आहे.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि तो पंगतीच्या संदर्भात विशेष मोलाचा. समजा, समारंभानंतर काही मंडळी आजारी पडली. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेले विष पोटात गेले आहे. आचाऱ्याच्या हाताच्या जखमेतून बासुंदीत किंवा खव्याच्या मिठाईत शिरलेला जंतू असे विष करतो. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातातला दुसरा एक जंतूही तेच करतो. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून बाहेर राहिलेल्या शिळ्या भाताला कितीही खमंग फोडणी दिली तरी तो निर्दोष होत नाही. भात वेळीच थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा. मोठ्या पातेल्यात सावकाश निवणाऱ्या मटणाच्या रश्श्याने साधारण आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब होतात. सॅल्मोनेलाला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो, आणि त्यात बहुधा ताप असतो. मासळीच्या या प्रांतात आणखी एक नाव लक्षात ठेवावे: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या कोळंबी-खेकड्यातून तो येतो. जगभर पसरलेला त्याचा एक प्रकार १९९६ मध्ये प्रथम कोलकात्यातच लक्षात आला.

अशा वेळी आजारी मंडळींनी काय खाल्ले एवढेच विचारून भागत नाही. जे ठणठणीत आहेत त्यांनाही विचारावे. बासुंदी खाणाऱ्यांत किती आजारी, न खाणाऱ्यांत किती, मसालेभाताचे तसेच. ज्या पदार्थात हे अंतर सर्वांत मोठे, तो संशयित. एरवी आपण आचाऱ्याला तत्काळ दोषी ठरवून मोकळे होतो, आणि खरा दोष पाण्याच्या टाकीत राहून जातो.

प्रयोगशाळेची पायरी यानंतरची. प्रत्येक साध्या जुलाबाला तपासणी लागत नाही. रक्त पडत असेल, ताप चढत असेल, पटकीचा संशय असेल, अनेक माणसे एकदम आजारी असतील किंवा दोन आठवडे लोटले असतील, तर ती अवश्य करावी. मलाचा नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा आणि ताजा द्यावा. अमीबाची हालचाल पाहायची तर अर्ध्या तासाच्या आत. येथे दोन गैरसमजांविषयी सांगितले पाहिजे. मलात अमीबाच्या पुटी दिसल्या म्हणजे अमीबाचा रोग झालाच, असे नाही. निरुपद्रवी अमीबाच्या पुटी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तशाच दिसतात. तसेच एकट्या विडाल चाचणीवरून विषमज्वर ठरवू नये. पूर्वीच्या संसर्गानेही ती होकार देते. पहिल्या आठवड्यात रक्तातील जंतू वाढवून पाहणे अधिक विश्वसनीय.

याच शहरात १९६२ साली स्थापन झालेल्या पटकी संशोधन केंद्रास १९७९ मध्ये राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेचे रूप मिळाले. तेथील अभ्यासकांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे की एकामागून एक प्रतिजैविके या जंतूंपुढे निष्प्रभ होत आहेत. याचा दोष केवळ जंतूंना देऊन चालणार नाही. दुकानदाराला विचारून दोन गोळ्या घेणे, बरे वाटताच उरलेल्या डब्यात ठेवणे आणि पुढच्या वेळी शेजारणीला देणे, ही सवय आपल्या सुशिक्षित घरांतही आहे. रोटाव्हायरसला या गोळ्यांनी काहीच होत नाही. उलट खऱ्या हगवणीच्या वेळी लागणारे शस्त्र मात्र बोथट होते. त्याची किंमत बहुधा दुसऱ्याच कुणाच्या मुलाला मोजावी लागते.

तेव्हा घरोघरी इतके पाळावे. पुडी घरात असू द्यावी. पहिल्या जुलाबापासून पाणी पाजावे. अंगावरचे दूध आणि मऊ भात चालू ठेवावा, मुलाला उपाशी ठेवू नये. सहा महिन्यांवरील मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी. आणि कुणी दूर गावाहून नव्याने येथे बिऱ्हाड केले असेल, तर मंडळातील वडीलधाऱ्या बायकांनी त्या तरुण आईला हे पाणी करून दाखवावे. बनगावच्या छावणीत हेच काम आयांनी, भावांनी आणि शेजाऱ्यांनी केले होते.