सुपांतली विडी



आपल्यापैकीं पुष्कळांच्या लहानपणीं घरीं पाहुणा आला म्हणजे पाण्याच्या तांब्यापाठोपाठ पानाचें तबक पुढें येई, आणि त्यांत चुना-सुपारीबरोबर तंबाखूची डबीहि असे. घरांतील वृद्ध स्त्रिया तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करीत आणि सकाळीं ती दातांना लावीत बसत. त्यांत लपविण्यासारखें कांहीं आहे असें कोणास वाटत नसे. आज त्याच घरांतील नातवास धूम्रपान करावयाचें झालें तर तो गच्चीचा कोपरा शोधतो. हा पालट कसा झाला, आणि तो होत असतां या धंद्यावर पोट भरणाऱ्यांचें काय झालें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

बाहेरचा दाब म्हटला म्हणजे तो धंद्यास मारकच असावयाचा, असें आपण गृहीत धरतों. विडीचा पूर्वेतिहास मात्र निराळा आहे. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी सिगारेटवर बहिष्कार पडला आणि सुशिक्षितांच्याहि हातीं देशी विडी आली. ज्या समाजमतानें पुढें विडीला घराबाहेर काढलें, त्यानेंच एके काळीं तिला मान दिला होता.

ही विडी होते कशी, तें सोलापुरांत पाहावें. टेंभुर्णीचीं पानें भिजवून ठेवावयाचीं, तीं पत्र्याच्या मापानें कातरावयाचीं, मांडीवर सूप घेऊन पानांत चिमूटभर जर्दा भरावयाचा, पान वळावयाचें, टोंक मुडपावयाचें आणि दोऱ्यानें बांधावयाचें. मजुरी दर हजारीं. आणि हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत दिवस मावळतो. माल मोजून घेतांना जी विडी पसंत पडत नाहीं ती 'छाट' म्हणून बाजूस पडते. हें काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळजणी विणकर पद्मशाली घराण्यांतल्या. पुरुष मागावर आणि स्त्री सुपावर, अशी ती विभागणी. गिरण्या बंद पडल्या तेव्हां कित्येक घरांतील चूल त्या सुपानेंच पेटती ठेविली.

या स्त्रियांवर पहिला दाब आला तो मालकांच्या हिशेबाचा. कारखान्यांत माणसें एकत्र बसलीं म्हणजे कारखान्याचा कायदा लागू होतो. तेव्हां काम कंत्राटदारांमार्फत घराघरांतून विखुरलें गेलें. हें ओळखून १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला आणि घरीं बसून विड्या वळणारी स्त्रीहि कामगार ठरली. मालकांनीं त्यास आव्हान दिलें. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा कायम केला. १९७६ सालीं विड्यांवरील उपकरांतून कल्याणनिधि उभारण्यांत आला व त्यांतून दवाखाने, घरें, मुलांच्या शिष्यवृत्त्या यांची तरतूद झाली. सोलापूरजवळ कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी प्रयत्नांतून दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली; २००६ सालीं त्या घरांच्या किल्ल्या खुद्द पंतप्रधानांच्या हस्तें देण्यांत आल्या. ज्या बाईच्या नांवावर कधीं कांहीं नव्हतें, तिच्या नांवावर घर झालें.

परंतु याच काळांत दुसरा दाब वाढत होता, आणि तो न्याय्य होता हें स्पष्टपणें म्हटलें पाहिजे. तंबाखूनें कर्करोग होतो, हृदय व फुप्फुसें बिघडतात, याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं. पानांत गुंडाळलेली विडी सिगारेटहून सौम्य, ही समजूतहि खोटी आहे. २००३ सालच्या कायद्यानें जाहिरातींस बंदी केली. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानबंदीचे नियम अंमलांत आले. २००९ पासून वेष्टनावर चित्रें आलीं आणि २०१६ पासून त्या इशाऱ्यानें वेष्टनाचा शेंकडा ८५ भाग व्यापला. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. परिणाम दिसतो. २००९-१० च्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ३१·४ तंबाखूचें सेवन करीत. २०१६-१७ मध्यें तें प्रमाण २६·६ वर आलें. इतकीं माणसें व्यसनापासून दूर राहिलीं, ही आनंदाचीच गोष्ट होय.

मग प्रश्न कोठें आहे? तो असा कीं, दाब पडतो वेष्टनावर. पण त्याचा भार घरंगळत सुपापर्यंत येतो. खप घटला कीं मालक भांडवल दुसऱ्या धंद्यांत घालूं शकतो. वळणारी स्त्री आपलीं बोटें दुसरीकडे गुंतवूं शकत नाहीं. काम आठवड्यांतून चारच दिवस मिळालें, तर मजुरीहि चार दिवसांचीच. तंबाखूची धूळ तिच्या छातींत केव्हांच गेलेली असते, आणि वांकून बसल्यानें पाठ दुखते ती वेगळीच. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां कल्याणनिधीचा तो उपकरहि रद्द झाला.

सरकारचें धोरणहि येथें दुहेरी आहे. एक खातें वेष्टनावर इशारा छापवितें. दुसऱ्या खात्याच्या आधीन असलेलें गुंटूरचें तंबाखू मंडळ निर्यात वाढविण्यासाठीं झटतें. तंबाखू-नियंत्रणाचा जो आंतरराष्ट्रीय करार भारतानें २००४ सालीं मान्य केला, त्याच्या सतराव्या कलमांत तंबाखूचे कामगार व शेतकरी यांना दुसरें निर्वाहसाधन मिळवून देण्यास साहाय्य करावें, असें सांगितलें आहे. इशाऱ्याचें कलम आपण मनापासून पाळलें. हें सतरावें कलम मात्र मागें पडलें.

उद्यां एखाद्या स्त्रीनें आपणांस विचारलें कीं, "माझी विडी कोणीं ओढूं नये हें मलाहि पटतें, पण सूप रिकामें झाल्यावर मीं काय करावें?" तर "तुझा धंदाच वाईट" हें तिला उत्तर होऊं शकत नाहीं. तो धंदा तिनें हौसेनें पत्करलेला नव्हता. विडी बंद व्हावी. परंतु ती बंद होण्यापूर्वीं त्या घरांतील मुलगी शाळेंत टिकावी, आईला शिवणाचें वा अन्य कांहीं काम हातीं यावें, आणि तिच्या वृद्धापकाळाची सोय तिनें आजवर वळलेल्या विड्यांच्या हिशेबांतूनच व्हावी. तंबाखूवर जो कर सरकार घेतें, त्याचा एक ठरीव वांटा या कामीं राखून ठेवणें अशक्य नाहीं.

आपल्या घरांतून तंबाखूची डबी गेली, हें चांगलें झालें. ती गेल्यानें ज्यांचें काम गेलें, त्यांची विचारपूस करणें आतां आपल्याकडे आलें आहे.