शस्त्रक्रियेआधीची विचारपूस



लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेवरची परिषद जालन्यात कशासाठी, असे काहींनी विचारले. ऑपरेशन संभाजीनगरला, पुण्याला किंवा मुंबईला होते, हे खरे. पण पेशंट निघतो तो मंठा, परतूर, भोकरदन, घनसावंगीहून, आणि निघण्यापूर्वी आपल्यापैकीच कुणा डॉक्टरने त्याला तपासलेले असते. त्या तपासणीत लठ्ठपणामागचे दडलेले कारण कसे शोधायचे, याविषयीच मला बोलायचे आहे.

२०१७ साली इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, ते आपल्याला आठवत असेल. वजन ५०० किलोच्या आसपास सांगितले जात होते. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि जनुकीय तपासणीत लेप्टिन या हार्मोनच्या रिसेप्टरमध्येच दोष असल्याचे आढळले. पोट भरल्याचा निरोप मेंदूला मिळतच नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत तिचे निधन झाले.

असा दोष अतिशय दुर्मीळ. आपल्या भागात नेहमी दिसते ते वेगळेच. गुडघेदुखीसाठी कुणाकडून तरी आणलेल्या, नाव नसलेल्या पुड्या! त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. चेहरा गोल होतो, पोट सुटते, साखर आणि बीपी वाढते. घरचे म्हणतात, बाईने अंग धरले. पेशंट ऑपरेशनला जाताना पुडी बंद करतो आणि सर्जनला काही सांगत नाही. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथी निजलेल्या असतात. ऑपरेशनच्या ताणात बीपी एकदम कोसळू शकते. जीव जाऊ शकतो. हा धोका टाळायला यंत्र लागत नाही, फक्त विचारावे लागते, आणि तेही रागावून नव्हे.

शरीरातच कॉर्टिसॉल जास्त तयार होण्याचा कुशिंग सिंड्रोम यापेक्षा विरळा, पण तो राहून गेला तर ऑपरेशन होऊनही मूळ दुखणे तसेच राहते. पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे, जरा लागले की काळेनिळे होणे, उकिडवे बसल्यावर उठता न येणे, ही लक्षणे दिसली की थांबा. रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन आणि सकाळी आठला कॉर्टिसॉल, एवढी चाचणी इथेही होऊ शकते. मात्र बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर तिचा निकाल फसवा येतो.

थायरॉइड प्रत्येक लठ्ठ पेशंटचा तपासावा, असे युरोपातील एंडोक्रायनॉलॉजी सोसायटीची २०२० ची मार्गदर्शिका सांगते. माझे मत मात्र स्पष्ट आहे : टीएसएच थोडा वाढलेला दिसला की लगेच गोळी सुरू करू नये. लठ्ठपणामुळेही तो वाढतो, वजन उतरल्यावर खालीही येतो. आणि खरा हायपोथायरॉइड असला, तरी त्याच्या उपचाराने काही किलोच कमी होतात. म्हणून थायरॉइडचे नाव सांगून गरजू माणसाचे ऑपरेशन वर्षानुवर्षे लांबवणे हाही अन्यायच.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी मागच्या रांगांत बसले आहेत. त्यांच्यासमोर ज्येष्ठांना माझी विनंती आहे : संध्याकाळपर्यंत एका पानाची मराठी प्रश्नावली तयार करा. पहिला प्रश्न पुड्यांचा ठेवा. जिल्ह्यातून ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या फाइलला ते पान लावूनच त्याला पाठवू या.