कार्टूनमधली गोष्ट कोणाच्या मालकीची?



बालसाहित्याच्या संमेलनात अध्यक्षाने कार्टूनबद्दल बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आपली मुलं आज बहुतेक गोष्टी तिथेच ऐकतात. तेव्हा मी बोलणार आहे ते त्याच विषयावर.

ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेत ‘इन्फिनिटी ट्रेन’ ही नावाजलेली कार्टून मालिका एचबीओ मॅक्सने आपल्या स्ट्रीमिंग सेवेतून काढून टाकली. कंपन्यांचं विलीनीकरण झालं होतं आणि खर्च आवरायचा होता. पुढचे भाग आधीच रद्द झाले होते, आता तयार असलेलेही तिथून गेले. गोष्ट सुचली ओवेन डेनिस यांना, पण हक्क कंपनीचे. त्यामुळे ती दुसरीकडे नेऊन पुरी करण्याची मुभाही त्यांना नव्हती.

जपानमध्ये काय होतं? तिथल्या अनेक गाजलेल्या अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या, मालिका आधी मांगा, म्हणजे चित्रकथा, म्हणून नियतकालिकात क्रमशः छापून येतात, मग पुस्तक निघतं, मग पडदा. गोष्टीचा हक्क साधारणपणे चित्रकार-लेखकाकडेच राहतो. हिरोमु अराकावा या लेखिकेच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’वर 2003 मध्ये मालिका निघाली, तेव्हा मूळ गोष्ट छापून पुरी झालेली नव्हती. मालिकेने वेगळी वाट धरली. मग 2009 मध्ये मूळ गोष्टीला धरून दुसरी मालिका निघाली. छापलेली गोष्ट शाबूत होती, म्हणूनच हे घडलं. तिथेही सगळं आलबेल नाही. वाचकांची पसंती घसरली की मांगा मध्येच बंद होतो, आणि अ‍ॅनिमेची चित्रं काढणाऱ्या तरुणांना मिळणारा मोबदला लाजिरवाणा आहे. तरीही अमेरिकन अ‍ॅनिमेशनपेक्षा अ‍ॅनिमेचं भविष्य मला अधिक भक्कम वाटतं, ते याच छापील पायामुळे.

या दोन्ही परंपरा आपल्या मुंबईत एकाच माणसाच्या आयुष्यात भेटल्या. राम मोहन फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात होते. 1956 मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. त्या शिकवणीतून 1957 मध्ये ‘द बनियन डिअर’ हा कार्टूनपट झाला. पुढे जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्या ‘रामायण’ या भारत-जपान कार्टूनपटाच्या दिग्दर्शनात राम मोहन सहभागी होते. वाद आणि तेव्हाचं तापलेलं वातावरण यांमुळे हा चित्रपट इथे थिएटरांत नीट पोहोचलाच नाही. मुलांनी तो दूरचित्रवाणीवर शोधला, त्यावर जीव लावला, आणि जानेवारी 2025 मध्ये तो देशभर पुन्हा झळकला. राम मोहन 2019 मध्येच गेले. ही गर्दी त्यांनी पाहायला हवी होती.

म्हणजे कुशल हात आपल्याकडे होते, आजही आहेत. दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये आगकाड्या हलवून चित्रपट केला होता! मुंबई-पुण्यातले आपले तरुण परदेशी स्टुडिओंसाठी रात्री जागवतात, आणि तिकडे एक प्रकल्प रद्द झाला की इकडे त्यांची नोकरी जाते. गोष्टींची तर आपल्याला कधीच वाण नव्हती. ताम्हणकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दूरदर्शनवर आले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू 1991 पासून वर्तमानपत्रात वाढला आणि 2012 मध्ये पडद्यावर गेला. चिंटूची वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: रोज चार चौकटी, वर्षानुवर्षं. मांगाचं बळ याच सातत्यात आहे. आपण मात्र चिंटूला अपवाद म्हणून कौतुकाने पाहिलं आणि त्याच्यामागून कुणाला उभं केलं नाही.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. 1971 पासून चाललेल्या ‘किशोर’ मासिकाने आणि आपल्या दिवाळी अंकांनी क्रमशः चित्रकथेला कायमची पानं द्यावीत. मानधन लेखकाइतकंच चित्रकारालाही मिळावं. आणि लेखकमित्रांनो, पडद्याचा करार समोर आला की पात्राचा हक्क कायमचा विकू नका. ठरावीक मुदतीसाठी द्या, मालिका बंद पडली तर तो परत मिळेल असं कलम लिहून घ्या. असा नमुना करार वकिलांकडून मराठीत तयार करून घ्यावा, हा ठराव मी उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. त्याला अनुमोदन द्यायला चित्रकारांनी पुढे यावं.